सुरामागची घरघर

नारायणगावचे नाव बाहेरगावी काढले की दोन गोष्टी हमखास निघतात. वडीलधारी माणसे तमाशाची आठवण काढतात. चैत्र जवळ आला की फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येऊन बसतात, ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. शाळकरी मुले मात्र खोडदच्या दुर्बिणीचे नाव घेतात. (व्यापारी मंडळी टोमॅटोचे घेतात, पण तो विषय या लेखाचा नव्हे.) तमाशाचा फड आणि आकाशाचा कानोसा घेणारी दुर्बीण यांचे आपसात नाते ते काय? माझ्या मते दोघांचा वैरी एक आहे. तो म्हणजे घरघर. नको असलेला, सुराच्या पाठीमागे सतत घोंगावत राहणारा आवाज. या वैऱ्याची ओळख मला तिसऱ्याच एका वस्तूने करून दिली. ती वस्तू म्हणजे विजेच्या गिटारीत तारांखाली बसवलेली, काडेपेटीहून थोडी लांब अशी एक डबी. तिला पिकअप म्हणतात.

या डबीची जन्मकथा अमेरिकेतली आहे. १९२०च्या सुमारास तिकडच्या वाद्यवृंदांत कर्णे आणि ढोल यांची चलती होती आणि बिचारी गिटार त्यांच्या गलक्यात बुडून जाई. जॉर्ज बोशँप नावाच्या वादकाने १९३१ साली त्यावर तोड काढली. मायकेल फॅरडेने बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, दाखवून दिले होते की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र हलले की वेटोळ्यात वीज उपजते. बोशँपने पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले. वरची तार कापू लागली की चुंबकाचे क्षेत्र कापते, वेटोळ्यात तशीच कापरी वीज निघते आणि कर्णा ती मोठी करून ऐकवतो. रिकनबॅकर या कारखानदाराच्या साह्याने निघालेली ही पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तिच्या आकारावरून लोक तिला ‘तवा’ म्हणत! आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना या जातीची गिटार परकी नाही. व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या हवाईयन गिटारीवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या एके काळी घरोघर वाजत असत.

पण या वेटोळ्यात एक खोड होती. त्याला तारेचा सूर आणि भोवतालची वीज यांत फरक कळत नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, अमेरिकेतली ६० वेळा. दिवा, पंखा, जनित्र, जे काही जवळ असेल त्याचे क्षेत्र वेटोळे इमानाने टिपते आणि कर्ण्यातून ‘घूं’ असा एकसुरी आवाज येत राहतो. गवई थांबला तरी हा थांबत नाही.

गिब्सन कंपनीच्या कॅलामाझू येथील कारखान्यात सेथ लव्हर नावाचे एक गृहस्थ होते. रेडिओदुरुस्ती आणि नौदलातली नोकरी, दोन्हींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी काढलेली युक्ती समजायला किराणा दुकानातला तराजू डोळ्यांपुढे आणावा. दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही. लव्हर यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली आणि ती एकमेकांच्या उलट जोडली. घरघर दोघांवर सारखीच येते, पण एकीतून सुलटी तर दुसरीतून उलटी निघते आणि दोघी मिळून शून्य होतात. मग सूरही शून्य व्हायला हवा की! तो होत नाही, कारण दुसऱ्या वेटोळ्याखाली चुंबकाची बाजूही उलटी असते. सूर दोनदा उलटून सुलटा होतो आणि दुप्पट जोराने बाहेर पडतो. चुंबक उलटा की सुलटा याच्याशी बाहेरच्या घरघरीला काहीच कर्तव्य नसते. लबाडी पकडायची इतकी साधी रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

२२ जून १९५५ रोजी लव्हर यांनी पेटंटचा अर्ज केला. १९५७ पासून या डब्या गिटारीत बसू लागल्या आणि त्यांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असे. पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मिळाले, तरी चिठ्ठ्या पुढेही काही वर्षे तशाच राहिल्या. अखेर नंबर छापला तो २७,३७,८४२. गंमत अशी की हा नंबर पिकअपचा नव्हताच. गिटारीच्या तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या पेटंटचा होता. डबीचा खरा नंबर २८,९६,४९१. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी कंपनीने हे मुद्दाम केले असे काही जण सांगतात. मला तर तो कारकुनी घोटाळा वाटतो. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.

त्या पहिल्या चिठ्ठीच्या डब्यांना आज सोन्याचा भाव आहे, आणि तो का आहे हे मोठे मौजेचे प्रकरण आहे. एकेका वेटोळ्यात केसासारख्या तारेचे पाचएक हजार फेरे असत, पण सुरुवातीच्या यंत्रांना फेरे मोजून आपोआप थांबण्याची सोय नव्हती. कामगाराला ‘भरले’ असे वाटले की तो थांबे. त्यामुळे कुठे दोनशे फेरे कमी, कुठे तीनशे जास्त. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे, म्हणजे अल्निकोचे, चुंबकही हाताला येतील त्या प्रतीचे बसत. काळे प्लॅस्टिक संपले तेव्हा दुधी रंगाची रिळे वापरली. वरून धातूचे झाकण असल्यामुळे ती दिसायची थोडीच! आता त्या दुधी रिळांसाठी लोक जादा पैसे मोजतात.

ज्या लेस पॉल गिटारीत त्या बसत, तिची १९५८ ते १९६० मधली नमुनेदार आवृत्ती अंदाजे दीड हजारच निघाली. ती खपेना म्हणून कंपनीने १९६१ साली तिचा घाट बदलून टाकला. मग १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन या इंग्रज तरुणाने जॉन मेयॉलच्या मंडळीबरोबर एक तबकडी काढली. तीत या टाकून दिलेल्या गिटारीचा आवाज ऐकला आणि सगळे वादक तिच्या मागे लागले. आज तिची किंमत लाखो डॉलर होते. ती न परवडणाऱ्यांसाठी १९७०च्या दशकात लॅरी डिमार्झियो, सेमूर डंकन अशा कारागिरांनी सुट्या डब्या विकायला काढल्या: गिटार तुमचीच, आतला कान आमचा. पुढे १९९०च्या दशकात म्हाताऱ्या लव्हरनी डंकन यांच्याबरोबर आपल्याच जुन्या डबीची नवी आवृत्ती केली. १९९७ साली ते वारले.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. मिरजेच्या तंतुवाद्यकारांकडे जुना तंबोरा नेला तर ते भोपळ्याला हात लावत नाहीत. घोडी घासून किंवा नवी बसवून जवारी खुलवतात. भोपळा आजोबांचा आणि घोडी कालची, तरी तंबोरा आजोबांचाच.

माझा भाचा मंचरला असतो. लग्नसराईत आणि जत्रांत तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याची गिटार स्वस्तातली. आतल्या डब्या जोरकस पण बोथट. हळू छेडा की जोरात, आवाज एकाच ठशाचा. नवी गिटार घ्यायची तर वर्षाची कमाई जाणार. म्हणून त्याने जुन्या धाटणीच्या दोन डब्या मागवल्या आणि एका रविवारी मला बोलावणे धाडले.

“मामा, तुम्हाला गिटारीतलं काही कळत नाही, म्हणूनच तुमचे कान पाहिजेत,” तो म्हणाला. मी हा गौरवच समजलो.

त्याच्या मित्राकडे तशीच दुसरी गिटार होती, जुन्या डब्यांसकट. मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि मंडळी आलटून पालटून वाजवू लागली. त्याआधी मीटर लावून दोन्हींचा विद्युत्‌रोध मोजला होता. कारखान्यातली डबी १४ हजार ओहमांच्या घरात, नवी ८ हजारांच्याही आत. म्हणजे फेरे कमी, जोर कमी. इतके पैसे खर्चून दुबळी वस्तू आणली की काय, अशी शंका बहिणीने तिथेच बोलून दाखवली.

कानाला फरक पहिल्या दहा मिनिटांत लागला. नवीचा आवाज खरेच लहान होता, पण सहा तारा एकदम छेडल्या तरी सहाही वेगवेगळ्या मोजता येत होत्या. बोट हलके पडले तर सूर हलका आणि नख लागले तर नखाचा खरखरीत स्पर्श, सगळे बाहेर येत होते. एक दोषही दिसला. जुन्या डब्या मेणात बुडवून काढलेल्या नसत आणि याही नव्हत्या. भाच्याने डबीजवळ तोंड नेऊन “चहा टाक” म्हटले तर कर्ण्यातून ते अस्पष्ट ऐकू आले. अशी डबी मोठ्या आवाजात शिट्टी घालते. जत्रेत ते त्याला सांभाळावे लागेल.

मग त्याने एक बटण ओढून दोहोंपैकी एकच वेटोळे चालू ठेवले. लगेच ट्यूबलाइटची घूं खोलीभर पसरली. बटण आत ढकलले, शांत. शेवटी त्याने मुद्दाम एका डबीच्या तारा उलट जोडून दोन्ही डब्या एकदम वाजवल्या, तर भरदार सूर पार चिरका आणि नाकातला झाला. घरघरीला मारणारी तीच युक्ती चुकीच्या जागी लावली की सुराचाच गळा धरते.

भाचा म्हणाला, “मामा, जुना आवाज आला!” त्याच्या आनंदावर विरजण घालायचे मला कारण नव्हते, पण माझे मत थोडे निराळे आहे. १९५९चा असा एक आवाज नव्हताच. जितक्या डब्या तितके आवाज होते. त्यांतल्या गोड निघालेल्या लोकांनी जपल्या, बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे. आजची नक्कल त्या निवडलेल्यांची आहे. तमाशाचेही तेच. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या आणि त्यांचा काळ आम्ही सोन्याचा म्हणतो. पण त्याच काळात बेसूर गाणाऱ्याही होत्या, त्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. तरीसुद्धा त्या दिवशीचा सूर चांगला होता, हे मी भिंतीकडे तोंड करून सांगितले आहे.

आता खोडदकडे वळतो, कारण तिथेही मोठ्या मापावर हेच झाले आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९०च्या दशकात तिथे तारांच्या जाळीच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ थाळ्या खोडदच्या आवारात एकवटल्या आहेत आणि १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. दूरच्या दोघींत २५ किलोमीटरांचे अंतर आहे. गेल्या दशकात या दुर्बिणीचा जीर्णोद्धार झाला. थाळ्या त्याच ठेवल्या आणि त्यांच्या तोंडापुढचे लहरी टिपणारे भाग व त्यामागची यंत्रे नवी घातली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू येई, आता ४०० पर्यंत येतो. गिटार तीच, कान नवा!

घरघरीशी झुंजायची रीत मात्र तिथे बरोबर उलटी आहे. लव्हरची डबी दोघांना सारखे ऐकू आले ते टाकून देते. खोडदच्या थाळ्या दोघींना सारखे ऐकू आले तेच ठेवतात. एका गावच्या विजेच्या तारेवरची ठिणगी फक्त जवळच्या थाळीला ऐकू येते. आकाशगंगेपलीकडून आलेली लहर दोघींना येते. गणकयंत्र दोघींच्या साक्षी ताडून पाहते आणि जुळेल तेवढे घेते. पण जवळचा गोंगाट फारच वाढला तर साक्षीदार बहिरेच होतात, आणि मग कुठलेच यंत्र उपयोगी पडत नाही. डोंगरांच्या आडोशाची ही जागा शहरापासून दूर निवडली ती यासाठीच.

म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग दुर्बिणीजवळून जातो असे दिसताच हरकत निघाली. विजेच्या रेल्वेला २५ हजार व्होल्टची तार लागते, आणि तिची ५० कंपनांची घूं व घासणाऱ्या पट्टीच्या ठिणग्या या थाळ्यांना परवडणाऱ्या नाहीत. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या रेल्वे हवी आहे. कांदा हवेत लवकर बाजारात पोचत नाही आणि पोरांना रोज पुण्याला जाणे एसटीने झेपत नाही. दोन्ही बाजूंना मी नावे ठेवू शकत नाही. भाच्याला विचारले, तर गिटार पिशवीत घालता घालता तो म्हणाला, “मामा, रेल्वे पाहिजेच. नाशिकला कार्यक्रम असला की परतीची गाडी नसते, रात्र स्टँडवर काढावी लागते.” आणि थोडे थांबून, “पण ती घूं करणार, हे खरंय.”