घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही जंत होतात का?

होय, होतात. पिल्लू रस्त्यावरचे असो वा घरात जन्मलेले, गोल जंतांच्या अळ्या त्याला आईच्या दुधातूनच मिळू शकतात.

मुख्य प्रकार

• गोल जंत: पांढरट, शेवयांसारखे. उलटीत किंवा शीमध्ये दिसतात.
• चपटे जंत (टेपवर्म): अंग चाटताना पिसू गिळली गेली किंवा उंदीर खाल्ला की होतात. शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे चिकटलेले दिसतात.
• अंकुशकृमी: आतड्याला चिकटून रक्त पितात. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

लक्षणे

फुगलेले पोट, रोडावलेले अंग, राठ केस, जुलाब. मोठ्या मांजरात मात्र अनेकदा काहीच दिसत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

औषध कधी द्यावे?

पिल्लाला साधारण ३ आठवड्यांपासून, दर २ आठवड्यांनी, दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एकदा. पुढचे वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजराला साधारण दर ३ महिन्यांनी, घरातच राहणाऱ्याला वर्षातून १-२ वेळा. मात्रा वजनावर ठरते. पिसवा गेल्या नाहीत, तर टेपवर्म परत येतो. पण कुत्र्यांचे पिसवांचे औषध मांजराला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराचा जीव जाऊ शकतो.

माणसांना धोका आहे का?

आहे, पण टाळता येतो. गोल जंतांची अंडी पोटात गेली, तर अळ्या क्वचित मुलांच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात. मात्र ताज्या शीमधली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. त्यांना काही आठवडे लागतात. गरोदरपणात ज्याची भीती असते, त्या टॉक्सोप्लाझ्माला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजेच लिटर बॉक्स रोज साफ केला, तर धोका बराच कमी होतो. गरोदर बाईने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावे. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. टॉक्सोप्लाझ्मा अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो.

भटकी मांजरे

मातीत ही अंडी वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे मुले खेळतात तिथली वाळू झाकून ठेवा आणि मातीत खेळून आल्यावर त्यांचे हात साबणाने धुवा. मांजरांना रोज खाऊ घालत असाल, तर डॉक्टरांना अंदाजे वजन सांगून जंतांचे औषधही घ्या आणि प्रत्येकीला वेगळ्या वाटीत द्या.