असईची जुई नदी

असईच्या लढाईचीं वर्णनें पुष्कळ आहेत. परंतु ज्या लहानशा प्रवाहाच्या कांठीं ती झाली, त्याकडे अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ चा निकाल समजण्यास त्या प्रवाहाची वाट समजणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम स्थलनिर्णय करूं. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत केळना व जुई या नद्या वाहतात. केळना दक्षिणेची व मोठी. जुई उत्तरेची व लहान. भोकरदन केळनेच्या कांठीं असून, सांची व भारहुत येथील दानलेखांतील भोगवर्धन तें हेंच होय, असें विद्वान मानतात. असई जुईच्या दक्षिण तीरावर आहे. तिच्या पूर्वेस दोन्ही नद्यांचा संगम होतो व तें पाणी पुढें पूर्णेस मिळतें. संगमाकडे निमुळती होत जाणारी मधली भूमि हेंच रणक्षेत्र. इंग्रजी कागदांत केळनेचें 'कैलना' व जुईचें 'जुआ' नाला असें रूप झालें आहे; तत्कालीन नकाशे व पत्रें जुळवितांना संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शिंदे व नागपूरकर भोसले यांचा तळ या भूमींत होता. घोडदळ भोकरदनकडे व कवायती पलटणें असईकडे. वेल्स्ली दक्षिणेकडून आला. केळनेस जवळ उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं त्यास सांगितलें. परंतु पिंपळगांव व त्यासमोरचें दुसरें खेडें अगदीं आमनेसामने वसलेलें पाहून, येथें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्यानें केला व तो खरा ठरला. त्याची फौज मराठ्यांच्या बगलेवर उतरली.

पलटणांचा मुख्य पोलमन यानें तोंड फिरवून नवी फळी धरली. तिची उजवी बाजू केळनेस व डावी असईस टेकली होती. ही योजना चुकीची म्हणतां येत नाहीं. दोन्ही बगला पाण्यानें राखल्या गेल्या व असईवर चालून गेलेल्या ७४ व्या पलटणीची तोफांच्या माऱ्यानें दाणादाण उडाली. पुढें मॅक्स्वेलच्या घोडदळानें हल्ला करून तेथील मराठी फौज जुईपार रेटली. उजवी बाजू मोडल्यावर पोलमनची उरलेली फळी जुईकडे पाठ करून उभी राहिली. जी नदी आधीं भिंत होती, तीच आतां पाठीमागची अडचण झाली. नंतरच्या एका हल्ल्यांत मॅक्स्वेल पडला. पलटणें अखेर नदी ओलांडून उत्तरेस गेलीं. इंग्रजांचीं १५८४ माणसें मेलीं, जखमी झालीं वा हरवलीं. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. त्याच वर्षीं ता. १७ डिसेंबरास भोसल्यांनीं देवगांवचा व ता. ३० रोजीं शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांवचा तह केला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लढाईची किल्ली केळनेचा उतार ही होती, आणि तो उतार दोन्ही तीरांवरच्या कुणब्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. असलें ज्ञान सेनापतींच्या पत्रांत क्वचितच सांपडतें. तें गांवच्या हद्दींच्या, वाटांच्या व इनामांच्या कागदांत पाहावें लागतें. दानापूरजवळ जुईस धरण झाल्यामुळें आजच्या प्रवाहावरून त्या दिवसाचें पाणी अजमावणेंही सोपें नाहीं. म्हणून भोकरदन परगण्याचीं जुनीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील नदी, उतार व शिवेचे उल्लेख टिपून ठेवावे, ही आमची विनंती आहे.