वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाई मार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांवरील विमानतळांना जोडणारा मार्ग. सरळ रेषेतील अंतर सुमारे २.७ किमी., म्हणजे मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीहूनही कमी. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून येथे विमाने चालवते. जगातील सर्वांत छोटे नियमित प्रवासी उड्डाण म्हणून हा मार्ग ओळखला जातो. वेळापत्रकात त्यासाठी दोन मिनिटे धरलेली असतात. वारा साथीला असताना ५३ सेकंदांतही ते पार पडले आहे. या विक्रमाने मार्गाला कीर्ती दिली खरी, पण त्याचे प्रयोजन मात्र झाकून टाकले.

मुळात इथे अंतरावरून वेळेचा हिशेब लागत नाही. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचे छोटे विमान ताशी २४० किमी.च्या आसपास वेगाने उडते. त्या वेगाने २.७ किमी.ला जेमतेम ४० सेकंद लागावेत. दोन मिनिटांचा सरासरी वेग निघतो ताशी ८१ किमी., आणि विक्रमी उड्डाणाचाही १८३ किमी.च. विमान पूर्ण वेग घेते न घेते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. वाऱ्याची दिशा पाहून वळसा घ्यावा लागला, तर वेळ आणखी वाढतो.

दोन गावांमधल्या अंतराएवढ्या प्रवासासाठी विमान उडवणे ही इंधनाची उधळपट्टी आहे, असा आक्षेप सहज सुचतो. हा टप्पा सुटा पाहिला तर तो खराही वाटतो. पण विमान निघते ते ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून, आणि तेथून ही दोन्ही बेटे प्रत्येकी सुमारे ४४ किमी.वर आहेत. दोन्हींसाठी स्वतंत्र फेऱ्या केल्या तर १७६ किमी. उडावे लागेल आणि चार वेळा उड्डाण करावे लागेल. एकाच त्रिकोणी फेरीत हे काम सुमारे ९१ किमी. आणि तीन उड्डाणांत होते. म्हणजे ज्या टप्प्यावर उधळपट्टीचा ठपका येतो, त्याच टप्प्यामुळे जवळजवळ निम्मे अंतर वाचते.

बेटांदरम्यान बोट आहे, मग विमान कशाला, हा दुसरा प्रश्न अधिक वजनदार आहे. शेजारच्या बेटावर जाण्यापुरती बोट पुरेशी आहे, हे मान्य करायला हवे. परंतु मोठे रुग्णालय आणि वरच्या वर्गांची शाळा कर्कवॉललाच आहे. २०११ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या अवघी ९० होती. एवढ्या लहान वस्तीसाठी वेगळे विमान ठेवणे कठीण; वेस्ट्रेबरोबर एका फेरीत गुंफल्यामुळेच ती सेवा परवडण्याच्या आवाक्यात येते. अनेक पर्यटक केवळ विक्रमी उड्डाणासाठी येतात, आणि त्यांच्या तिकिटांचा हातभारही या सेवेला लागतो. पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हाउवर हे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी घर आजही उभे आहे. ते पाहण्यासाठी मात्र परतीच्या विमानाची घाई न करता बेटावर थांबावे लागते.