शीतलेपाची अठरा शतके

कोकणातून किंवा मुंबईच्या दमट हवेतून उठून दिल्ली, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी बदलीवर गेलेल्या मराठी कुटुंबाला उत्तरेचा पहिला हिवाळा थर्मामीटरने कळत नाही. तो ओठांना पडलेल्या चिरांनी आणि तोंड धुतल्यावर ओढल्या जाणाऱ्या गालांनी कळतो. मग घरात ‘कोल्ड क्रीम’ येते. पुढे बदल्या होतात, मुले मोठी होतात, आणि पन्नाशीच्या आसपास त्याच फडताळात दुसरी एक डबी येऊन बसते. तिची किंमत पहिलीच्या दसपट-वीसपट असते आणि तारुण्य परत मिळण्याचे आश्वासन तिच्यावर छापलेले असते. ती घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नावरून पुष्कळ घरांत नवराबायकोंची बोलाचाली झालेली आम्ही ऐकली आहे. आमच्या मते या वादाचा निकाल जाहिरात वाचून लागत नाही. डबीचा इतिहास वाचला तर तो बराचसा लागतो, आणि तो इतिहास समजतो त्याहून फार जुना आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा एक थोर वैद्य होऊन गेला. तो मूळचा आशिया मायनरमधील पर्गॅमम नगरीचा, आणि सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पदरी होता. परंपरेने त्याच्या नावावर मांडला जाणारा एक लेप आहे. एक भाग मधमाशांचे मेण घ्यावे. गुलाबाच्या पाकळ्या मुरवलेले ऑलिव्हचे तेल तीन-चार भाग घेऊन त्यात ते वितळवावे. आणि मग घोटता घोटता जिरेल तितके थंड पाणी थोडे थोडे घालीत जावे. झाले कोल्ड क्रीम. लावल्यावर त्यातील पाणी उडून जाते आणि उडताना कातडीची उष्णता घेऊन जाते, म्हणून त्याला ‘शीत’ म्हणावयाचे. मागे राहतो तो तेलामेणाचा पातळ पापुद्रा. तो शरीरातील ओलावा बाहेर जाऊ देत नाही. लेपाचे खरे कार्य एवढेच, आणि आजच्या कोणत्याही कोल्ड क्रीमचे मुख्य कार्यही तेच आहे.

आपल्याकडे याच जातीची एक कल्पना स्वतंत्रपणे नांदत होती. आयुर्वेदातील ‘शतधौत घृत’ म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप. धुता धुता तुपाचा रंग आणि वास जातो, पाणी त्यात मिसळते, आणि लोण्याहून मऊ असा पांढरा लेप हाती येतो. तो दाहावर सांगितलेला आहे. कोकणात तर इतका खटाटोपही कोणी करीत नसे. कोकमाच्या बियांतून काढलेल्या घट्ट तेलाचा मुठीत वळलेला गोळा, ज्याला तिकडे ‘मुठेल’ म्हणतात, तो दिव्यावर किंचित ऊन करून टाचांच्या भेगांवर नि ओठांवर फिरविला की काम भागे. गॅलेनचा पत्ता ठाऊक नसलेल्या आमच्या आज्या-पणज्या तत्त्वाने गॅलेनच्याच शिष्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

गॅलेनच्या लेपात दोन दोष होते. तेल खवटत असे, आणि मेण-पाण्याचा संसार फार दिवस टिकत नसे. या दोषांचे निवारण व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने खनिज तेलाच्या गाळातून ‘व्हॅसलीन’ काढले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. ते कधीच खवटत नाही. मेणात टाकणखार मिसळला तर पाणी आणि तेल नांदू लागतात, हेही त्याच शतकाच्या उत्तरार्धात कळले. जर्मनीत लोकरीच्या चरबीपासून लॅनोलिन तयार झाले, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन १९११ साली हँबुर्गच्या बायर्सडॉर्फ कारखान्याने ‘निव्हिया’ बाजारात आणली. या सर्व खटपटीने लेप टिकाऊ, स्वस्त आणि सुवासिक झाला. त्याचे कार्य मात्र तसूभरही बदलले नाही.

आपल्या देशात हा व्यापार शिरला तो मुख्यतः ‘स्नो’ या नावाने. मेणचट कोल्ड क्रीम उन्हाळ्यात सोसवत नाही. त्यामुळे स्टिअरिक आम्लाच्या साबणापासून केलेले, चोळताच दिसेनासे होणारे ‘व्हॅनिशिंग क्रीम’ येथे अधिक मानवले. पहिल्याने विलायती हेझलीन स्नो आला. मग १९१९ साली इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत ‘अफगाण स्नो’ काढला. भायखळ्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. निव्हिया या नावाच्या मुळाशीही लॅटिनमधील बर्फाचाच शब्द आहे. ज्यांनी जन्मात बर्फ पडताना पाहिले नाही अशा कोट्यवधी लोकांना तोंडास लावण्यासाठी बर्फच विकले गेले, ही गंमत आम्हास नेहमी वाटते. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत नटण्याचा पर्याय होऊन बसला तो याच काळात. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी ‘बोरोलीन’ काढले. बोरिक आम्ल, जस्ताचे भस्म आणि लॅनोलिन यांचे हे साधे मलम. पण स्वदेशीच्या काळात बंगाली घराचे ते मानचिन्ह झाले. बंगालमध्ये नोकरी केलेल्या आमच्या वाचकांना त्या हिरव्या नळीची ओळख करून द्यावयास नको. १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली. हे नाव ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप आहे. पुढे लॅक्मे, पॉन्ड्स आणि व्हॅसलीन ही तिन्ही नावे एकाच हिंदुस्थान युनिलिव्हरच्या छत्राखाली आली. दुकानात हारीने मांडलेल्या डब्या एकमेकींच्या वैरिणी दिसल्या, तरी पुष्कळशा एकाच घरच्या सुना असतात.

आता त्या दुसऱ्या, महाग डबीकडे वळू. कोरडेपणावर लेप विकून जेवढा पैसा मिळतो त्याहून पुष्कळ अधिक वार्धक्याच्या भीतीवर मिळतो, हे व्यापाऱ्यांनी विसाव्या शतकात हेरले. त्या त्या काळी ज्या शास्त्राचा बोलबाला असेल त्याचा मुलामा लेपावर चढू लागला. १९३० नंतर फ्रान्समध्ये ‘थो-रादिया’ या नावाचे क्रीम विकले जाई. त्यात थोरियम आणि रेडियम खरोखरच घातलेले असे, आणि त्याच्या जाहिरातीत डॉ. आल्फ्रेड क्यूरी हे नाव झळके. या गृहस्थांचा मादाम क्यूरींच्या घराण्याशी काडीचाही संबंध नव्हता! त्याच दशकात स्त्री-संप्रेरके घातलेली क्रीमेही निघाली. पुढे १९८६ साली, मनुष्याच्या हृदयाचे पहिले रोपण १९६७ मध्ये करणारे केपटाऊनचे शल्यविशारद ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ‘ग्लायसेल’ नावाच्या एका महागड्या लेपाला आपले नाव दिले. त्वचारोगतज्ज्ञांनी टीकेची झोड उठविली, अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने हरकत घेतली, आणि तो लेप बाजारातून नाहीसा झाला. हृदय बदलणाऱ्या हातांना सुरकुती बदलता आली नाही.

या प्रकरणांतून कायद्याची एक बारीक रेषा पुढे आली, आणि ती ओळखणे ग्राहकाच्या हिताचे आहे. जे केवळ रूप खुलविते ते सौंदर्यप्रसाधन. जे शरीराच्या रचनेत किंवा कार्यात बदल घडविते ते औषध. औषधाला पुरावा द्यावा लागतो, प्रसाधनाला तितका द्यावा लागत नाही. अमेरिकेत प्रसाधने १९३८ च्या कायद्याने नियंत्रणाखाली आली. आपल्याकडे १९४० च्या औषधांच्या कायद्यात ती १९६२ च्या दुरुस्तीने आली. म्हणूनच डबीवर ‘सुरकुत्या जातात’ असे सहसा लिहीत नाहीत, ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असे लिहितात. मसुद्यातील एका शब्दाने हुकूम कसा फिरतो हे ज्यांना रोज पाहावे लागते, त्या आमच्या वाचकांना या ‘दिसतात’चा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

मग वाढत्या वयात त्वचेचे खरोखर काय होते? तेलग्रंथी मंदावतात, स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर ही घट विशेष जाणवते. वरचा थर पातळ होतो, आणि आतील ‘कोलॅजेन’ नावाची जाळी, जिच्या आधारावर कातडी ताठ राहते, ती विरत जाते. डबीत कोलॅजेन घालून ही झीज भरून काढता येत नाही, कारण त्याचा रेणू अतिशय मोठा असतो आणि त्वचेतून आत शिरत नाही. कोरडेपणाची गोष्ट वेगळी. १९५२ साली बोस्टनच्या इर्विन ब्लँक यांनी वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे तेलात बुडवून ठेवले. ते कडकच राहिले. पाण्यात ठेवलेले मात्र मऊ पडले. कातडी मऊ करते ते पाणी. तेलाने ते पाणी आत अडकून राहते, इतकेच. गॅलेनचा लेप का चालतो हे असे अठराशे वर्षांनी समजले. यातून निघणारी युक्ती अगदी फुकटची आहे : स्नानानंतर अंग कोरडे ठणठणीत होऊ न देता ओलसर असतानाच क्रीम लावावे. डबीवर ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, सेरामाइड यांपैकी काही नावे असली आणि सुवास कमी असला, की वयस्क, कोरड्या त्वचेला ती पुरे. किमतीने या कार्यात फारसा फरक पडत नाही.

सुरकुत्यांचा उलगडा मात्र सौंदर्याच्या दुकानाबाहेर झाला. आपण ज्याला वय म्हणतो त्यातील मोठा वाटा उन्हाचा असतो. याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस वर्षे मालमोटार हाकलेल्या ६९ वर्षांच्या एका माणसाचे ते छायाचित्र होते. त्याचा खिडकीकडचा डावा गाल उजव्याहून पंधरा-वीस वर्षांनी म्हातारा दिसत होता. भाजणारे किरण काच अडविते, पण खोल शिरून कोलॅजेन तोडणारे बरेचसे किरण तिच्यातून सहज येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच काय तो फरक. ऑस्ट्रेलियातील नँबूर गावी पंचावन्न वर्षांखालील ९०३ माणसांवर साडेचार वर्षे पद्धतशीर प्रयोग झाला. २०१३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, रोज नियमाने ऊनरोधक क्रीम लावणाऱ्यांच्या त्वचेवरील वार्धक्याच्या खुणा इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होत्या. तारुण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांपैकी इतका स्वच्छ पुरावा फारच थोड्यांच्या पाठीशी आहे. तेव्हा खर्च करावयाचाच असेल तर प्रथम तो येथे करावा. तीसच्या वरचे एसपीएफ पाहावे, आणि दोन्ही प्रकारचे किरण अडविण्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज डबी घेऊ नये.

झालेले नुकसान थोडेफार भरून काढणारे एकच औषध दीर्घकाळ कसाला उतरले आहे, आणि ते म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघालेले ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी ते प्रथम मुरुमांवर वापरले. प्रौढ स्त्रिया ‘आमची कातडी नितळ झाली’ असे सांगू लागल्या, तेव्हा त्यांचे लक्ष सुरकुत्यांकडे गेले, आणि १९८६ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु या शोधाच्या पाठीमागे एक काळोखी खोली आहे, तिच्याकडे पाठ फिरवून पुढे जाणे आम्हास जमत नाही. १९५१ ते १९७४ या काळात क्लिगमन यांनी होम्सबर्गच्या तुरुंगातील कैद्यांवर असंख्य प्रयोग केले. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. चार पैशांसाठी त्यांनी आपली पाठ आणि दंड भाड्याने दिले, आणि आपल्या अंगावर काय लावले जात आहे हे पुष्कळांना धड सांगितले गेले नव्हते. ट्रेटिनॉइनच्या आरंभीच्या चाचण्याही तेथल्याच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयाने याबद्दल २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली. तोवर क्लिगमन जाऊन दशक उलटले होते, आणि पुष्कळसे कैदीही हयात नव्हते.

हे औषध वैद्याच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे आहे. ते रात्री, अगदी थोडे, आरंभी आठवड्यातून दोन-तीन वेळाच लावतात. पहिल्या काही आठवड्यांत कातडी लाल होते, सोलते. गुण दिसावयास महिने लागतात. गरोदरपणी ते वर्ज्य आहे. दुकानात चिठ्ठीविना मिळणारे ‘रेटिनॉल’ हे त्याचेच सौम्य भावंड. ते चुरचुरते कमी आणि काम करते तेही कमी.

राहता राहिली ती प्रौढ वयात गालांवर उमटणाऱ्या वांगाची आणि डागांची गोष्ट. येथे घाई फार होते आणि धोकाही येथेच आहे. डाग झटपट पुसणाऱ्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. ते कातडी पातळ करून ठेवते. म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. काहींत याहून वाईट, म्हणजे पारा असतो. २०२० च्या नियमांनी प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे, तरी उत्पादकाचे नाव-गाव नसलेल्या डब्या परदेशातून आणि टपालाने येतच असतात. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण डॉक्टरांना अचानक अधिक संख्येने आढळू लागले. चौकशी करता त्यांतील बरेच जण गोरेपणाची अशी क्रीमे लावीत असल्याचे निघाले, आणि क्रीमांत पारा सापडला. क्रीम बंद केल्यावर त्यांतील बहुतेकांचा विकार ओसरू लागला.