उष्ण कटिबंधीय वनस्पतींचे शीतरक्षण

उष्ण कटिबंधातील शोभेच्या व फळांच्या वनस्पतींना हिवाळ्यातील नीच तापमानापासून वाचविण्याचे उपाय. अशा वनस्पतींना इजा होण्यासाठी पाणी गोठावे लागत नाही. तापमान सु. १०°–१२° से.च्या खाली टिकून राहिल्यास कोशिकांच्या पटलांचे कार्य बिघडते, मुळांचे जलशोषण मंदावते व पाने पिवळी पडून करपतात.

यूरोपात या उपायांचा प्रारंभ नारंगीगृहांपासून झाला. जाड भिंती व दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेल्या या इमारतींत लाकडी पिंपांतील झाडे शरद ऋतूत हलवीत व उन्हाळ्यापूर्वी पुन्हा बागेत आणीत. व्हर्सायचे नारंगीगृह (१६८४–८६) प्रसिद्ध आहे. पुढे ओतीव लोखंड व गरम पाण्याचे नळ उपलब्ध झाले, १८४५ मध्ये इंग्लंडमधील काचेवरील कर उठला आणि काचगृहे झपाट्याने वाढली. क्यू येथील ताडगृह (१८४४–४८) हे त्यांपैकी एक.

चॅट्सवर्थ (डर्बीशर) येथील काचगृहांचा इतिहास मराठी वाचकास अधिक जवळचा आहे. तेथील उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसहून आलेली एक बुटकी केळ ऊबदार काचगृहात वाढविली. ती १८३५ मध्ये फुलली. डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकच्या कुलनामावरून तिला ‘कॅव्हेंडिश’ हे नाव मिळाले. ही बुटकी जात महाराष्ट्रात बसराई म्हणून ओळखली जाते. डर्बीशरमध्ये जी केळ कोळसा जाळून काचेखाली जगवावी लागे, तीच खानदेशात उघड्या रानात पिकते. पॅक्स्टन यांच्या देखरेखीखाली १८३६ पासून बांधलेल्या मोठ्या काचगृहाचा शेवट मात्र बोलका आहे : पहिल्या महायुद्धात कोळशाच्या टंचाईमुळे ते तापविता आले नाही, आतील झाडे थंडीने मेली आणि १९२० मध्ये इमारतच पाडण्यात आली.

खानदेशातही केळीला थंडी सुखाने सोसत नाही. मे महिन्यात ४२° से.च्या वर जाणारे जळगावचे तापमान उत्तरेकडून थंड लाट आल्यावर रात्री १०° से.च्या खाली उतरते. तापीच्या दक्षिणेस नशिराबाद, भादली या शिवारांत आणि उत्तरेस यावल, रावेरकडे निरभ्र, निवांत रात्री जमीन वेगाने उष्णता गमावते व जड थंड हवा सखल भागांत साचते. म्हणून एकाच गावात उंचवट्यावरची बाग वाचते व नाल्याकाठची करपते. जून–जुलैमधील लागणीस मृगबाग व पावसाळ्यानंतरच्या लागणीस कांदेबाग म्हणतात. पहिलीस ऐन वाढीत, तर दुसरीस कोवळ्या वयात हिवाळा भोगावा लागतो. थंडीत नवी पाने उशिरा येतात, निसवणारा घड घशात अडकतो, फळे बारीक राहतात. सालीखालील चीक तपकिरी होऊन पिकलेल्या फळास झळाळी येत नाही व बाजारात भाव पडतो.

बागेच्या उत्तर व पश्चिम बांधांवर शेवरी किंवा उंच गवताची वारारोधक रांग लावणे हा येथील जुना उपाय होय. रात्री पाणी देण्याची रीतही सर्वत्र आहे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओल्या मातीत दिवसाची उष्णता अधिक साठते. काडीकचरा पेटवून धूर करतात, पण धुराची ख्याती त्याच्या गुणापेक्षा थोडी मोठी आहे. त्यातील सूक्ष्म कण जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण फारसे अडवीत नाहीत. उपयोग होतो तो मुख्यतः शेकोट्यांच्या उबेचा व हवा ढवळली जाण्याचा. घड कोरड्या पानांनी झाकण्याच्या पद्धतीची जागा पुढे सु. २ ते ६ टक्के छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घेतली. १९९० नंतर ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ (हीही कॅव्हेंडिश गटातीलच) व ठिबक सिंचन यांचा प्रसार झाला, तरी थंडीचा धाक गेलेला नाही.

घरगुती बागेतील क्रोटन, डिफेनबॅकिया, अँथुरियम यांच्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला ठेवतात, रात्री गोणपाटाने झाकतात व पाणी सकाळी, बेताने देतात. कॅलेडियमची पाने गळू द्यावीत आणि कंद कोरड्या वाळूत उन्हाळ्यापर्यंत ठेवावेत. येथे अतिकाळजीने घातलेले पाणीच अधिक कंद कुजविते.

केळीच्या बाबतीत हा प्रश्न शोभेचा नसून कर्जाचा आहे. हवामानाधारित फळपीक विम्यात केळीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८° से. किंवा त्याखाली राहणे ही भरपाईची अट ठेवण्यात आली. तापमानाची नोंद महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर होते. केंद्र उंचवट्यावर आणि बाग नाल्याकाठी असल्यास बागेतील तापमान केंद्रावरील नोंदीपेक्षा कमी असू शकते व करपलेल्या बागेच्या धन्यास भरपाई नाकारली जाऊ शकते.