केस गळाले, पण कशामुळे?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान-शिक्षकांच्या शिबिराला गेले होते. ज्या शाळेत शिबिर होते, तिथल्या मुलांसाठी एक प्रश्नपेटी ठेवली होती. दुपारी पेटी उघडली. ग्रहणे, भूकंप, उडत्या तबकड्या असे नेहमीचे प्रश्न निघाले आणि त्यांतच एक नाव नसलेली चिठ्ठी निघाली : ‘केस काढायचे क्रीम केस काढते, मग कातडी का काढत नाही?’ दोन-चार शिक्षक हसले. एका बाईंनी चिठ्ठी घडी घालून बाजूला ठेवली, ‘हा काही विज्ञानाचा प्रश्न नव्हे’ म्हणाल्या. मला मात्र त्या पेटीतला तो सर्वांत चांगला प्रश्न वाटला. कारण हा प्रश्न विचारायला माणसाने फार उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत अनेकांनी, विशेषतः बायकांनी, मोजली.

आधी उत्तर पाहू. केस हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या दोरीच्या पदरांसारख्या शेजारी शेजारी असतात आणि गंधकाच्या दोन-दोन अणूंचे पूल त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. ज्या घटकामुळे हे पूल बनतात त्याला सिस्टीन म्हणतात. केसात त्याचे प्रमाण वजनाने सुमारे १४ ते १८ टक्के असते. पूल तोडले की केसाची ताकद संपते, तो लिबलिबीत होतो आणि पुसला तरी निघून येतो. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थरही केराटिनचाच असतो. पण तिथे सिस्टीन बरेच कमी असते. म्हणून तोच पदार्थ केसावर लवकर आणि त्वचेवर सावकाश परिणाम करतो. म्हणजे त्या मुलीच्या (अक्षरावरून ती मुलगीच असावी) प्रश्नाचे खरे उत्तर असे की, क्रीम कातडीही काढते, पण त्याला जरा जास्त वेळ लागतो. क्रीमच्या वेष्टनावर लिहिलेली मिनिटे हाच केस आणि त्वचा यांच्यामधला सगळा फरक होय.

गंधकाचे पूल तोडण्याची युक्ती माणसाला पूल माहीत होण्याच्या कितीतरी आधी सापडली होती. ती दडली होती हरताळात. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज. पोथी लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथून आला. (संपाचा ‘हरताळ’ वेगळा, तो बाजाराला कुलूप लावण्यावरून आलेला.) सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या हरताळाला वेगळे काम दिलेले आहे. केसांमुळे जी जखम नीट भरत नाही तिच्या भोवतालचे केस वस्तऱ्याने, कात्रीने किंवा चिमट्याने काढावेत असे सांगून पुढे एक लेप दिला आहे : शंखाच्या चूर्णाचे दोन भाग आणि हरताळाचा एक भाग, शुक्तात म्हणजे आंबवलेल्या द्रवात वाटून. माझ्या मते इथे शंख भाजून केलेला चुना अभिप्रेत असावा. कच्च्या शंखाची पूड म्हणजे नुसता खडू, त्याने हरताळाचे काहीच होणार नाही. चुना धरला तर मात्र रसायनशास्त्र चोख जुळते. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात हरताळातले गंधक सल्फाइडच्या रूपाने सुटते आणि ते सल्फाइड केसातले पूल तोडते.

चुना आणि हरताळ यांची हीच जोडी पश्चिम आशियातल्या आणि तुर्कस्तानातल्या हमामखान्यांत शतकानुशतके वापरात होती. मध्ययुगीन युरोपातल्या बायकांच्या सौंदर्योपचारांतही ती सापडते. लेप तयार झाला की नाही हे पाहायची तिथली कसोटी मला फार आवडते : त्यात पक्ष्याचे पीस बुडवायचे, त्याचे तंतू गळून पडले की लेप झाला. पीसही केराटिनचेच असते! कोणालाही केराटिन हा शब्द माहीत नसताना त्यांनी अगदी योग्य नमुना निवडला होता.

आपल्याकडे ढोर समाजातले कारागीर कातडी कमावताना केस सोडवण्यासाठी ती चुन्याच्या कुंडात भिजत घालत. हेही त्याच घराण्यातले रसायन. युरोपात हातमोज्यांच्या मऊ चामड्यासाठी चुन्यात मनशीळ मिसळत. मनशीळ म्हणजे हरताळाची तांबडी बहीण. पुढे चर्मोद्योगात तिच्या जागी सोडियम सल्फाइड आले.

या जोडीतले आर्सेनिक केस काढण्याच्या कामी कसलीही मदत करत नाही. काम गंधक करते, विष तेवढे फुकटचे. हे एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले आणि कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम यांची सल्फाइडे बाजारात आली. भुकटी पाण्यात कालवायची, लेप लावायचा आणि सडक्या अंड्यांचा वास सोसायचा. आर्सेनिक गेले ही प्रगतीच होती, पण बेरियम काही निरुपद्रवी नव्हे. बेरियम सल्फाइडची भुकटी आपल्याकडच्या बाजारात स्वस्तात मिळत आली आहे. ती पोटात गेल्यामुळे रक्तातले पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे ही पुडी खिडकीत ठेवू नये, इतके तरी शिक्षकांनी पालकसभेत सांगायला हरकत नाही.

इथपर्यंतच्या सर्व उपायांत एक गोष्ट समान होती. लेप त्वचेच्या वर राहत असे आणि केसाच्या बाहेर आलेल्या भागावर काम करत असे. चूक झाली तर त्वचा जळे आणि ते लगेच कळे. यानंतर जे आले ते मात्र अगदी निराळे होते.

राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल या भौतिकशास्त्रज्ञाला एका मुलाच्या डोक्यातली बंदुकीची गोळी क्ष-किरणांनी शोधायची होती. आधी चाचणी म्हणून विल्यम डडली हे सहकारी प्राध्यापक स्वतः यंत्रापुढे बसले. एकवीस दिवसांनी त्यांच्या डोक्यावरचे, नेमके नळीसमोर असलेल्या जागेवरचे केस गळले. याच सुमारास व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने एका चार-पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरचा केसाळ चामखिळीसारखा मोठा डाग क्ष-किरणांखाली धरला, रोज दोन-दोन तास, कित्येक दिवस. केस गळाले. आणि मागोमाग पाठीवर जखम झाली, ती भरायला फार काळ लागला. ही मुलगी पुढे दीर्घायुषी झाली. सुमारे सत्तर वर्षांनी तिची तपासणी झाली तेव्हा पाठीवरचा व्रण तसाच होता आणि पाठीचा कणा वाकलेला होता.

क्ष-किरणांनी केस का गळतात? केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. किरणांचा मारा प्रथम त्यांना बसतो, म्हणून त्या आधी थांबतात. म्हणजे इथे केस गळणे हा उपचाराचा परिणाम नसून इजा झाल्याची पहिली खूण होती. पण बघणाऱ्यांनी ती खूणच उपचार मानली. वेदना नाही, वास नाही, रक्त नाही. मग आणखी काय हवे?

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्बर्ट गायसर यांनी ‘ट्रायको’ नावाची यंत्रे अमेरिकेतल्या सौंदर्यगृहांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. चालवणाऱ्यांना दोन आठवड्यांचे शिक्षण पुरे. ग्राहक बाई एका लाकडी पेटीसमोर बसायची, गालाजवळ एक झरोका असायचा, यंत्र काही मिनिटे गुणगुणून आपोआप बंद व्हायचे. अशा अनेक बैठका होत. हनुवटीवरचे केस खरोखरच जात आणि बाई आनंदाने घरी जात असे. वर्षा-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा त्वचा सुरकुतायची, पातळ होऊन तिच्यावर लाल शिरांचे जाळे दिसू लागायचे, चट्टे आणि व्रण पडायचे आणि काहींना पुढे कर्करोग व्हायचा. १९२९ पासून अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने या पद्धतीवर टीका सुरू केली आणि १९३० च्या सुमारास कंपनी बंद पडली. आजार मात्र पुढे कित्येक दशके दवाखान्यांत येतच राहिले.

यंत्र परवडत नव्हते त्यांच्यासाठी याच काळात डबीतला उपाय आला. ‘कोरेमलू’ हे क्रीम थॅलियम ॲसिटेटचे होते. थॅलियम हे मूलद्रव्य १८६१ मध्ये विल्यम क्रुक्सने शोधले. त्याचा वर्णपट कोवळ्या अंकुरासारखा हिरवा दिसतो म्हणून अंकुर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. थॅलियमच्या क्षारांनी केस गळतात हे त्वचारोगतज्ज्ञांना ठाऊक होते. डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांचे केस काढायला ते पोटातून देतही आणि त्यात काही मुले दगावली होती. थॅलियमच्या आयनाचा आकार पोटॅशियमच्या आयनाशी जवळजवळ जुळतो. त्यामुळे पेशी त्याला आपला समजून आत घेतात. ओठावर लावलेले क्रीम त्वचेतून शरीरभर पसरले आणि ओठावरच्या केसांबरोबर डोक्यावरचेही गेले. पाय दुखू लागले, चालणे अवघड झाले, काहींची दृष्टी गेली. १९३२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

क्रीम बाजारातून काढून घेण्याचा अधिकार मात्र अमेरिकी सरकारला नव्हता. तिथला १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, सौंदर्यप्रसाधने त्यात नव्हती. १९३३ मध्ये तिथल्या अन्न व औषध खात्याने अशा वस्तूंचे एक प्रदर्शन मांडले, त्यात कोरेमलू होते. पत्रकारांनी त्याला भयालय म्हटले. १९३८ च्या नव्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने आली. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा, त्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला.

योगायोग असा की, ज्या काळात हे सारे चालले होते त्याच काळात, त्याच न्यूयॉर्क शहरात, रॉकफेलर संस्थेत लिओनोर मायकेलिस आणि डेव्हिड गोडार्ड केराटिनवर काम करत होते. मायकेलिस म्हणजे विकरांच्या अभ्यासातल्या ‘मायकेलिस–मेंटेन’ समीकरणातले. प्रथिने पचवणारी विकरे केराटिनला का हात लावत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. थायोग्लायकॉलिक आम्लाने अल्कधर्मी द्रावणात गंधकाचे पूल तोडले की लोकर विरघळते आणि मग ती विकरांना पचते, असे त्यांनी १९३४ मध्ये दाखवले. सौंदर्यप्रसाधनाचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. पण आजची बहुतेक केस काढायची क्रीमे या थायोग्लायकोलेटचीच असतात. सामू ९ च्या आसपास ठेवला तर पूल थोडेच तुटतात आणि केस कुरळे करता येतात, सामू १२ च्या वर नेला तर केसच उरत नाही. किती तोडायचे आणि किती वेळ तोडायचे, हे पहिल्यांदाच हिशेबाने ठरवता येऊ लागले. क्रीम लावण्याआधी थोडेसे हातावर लावून एक दिवस थांबा, खरचटलेल्या जागी लावू नका, घड्याळ समोर ठेवा, या सूचना त्या हिशेबातूनच येतात. ‘अजून दोन मिनिटे ठेवू या’ हे त्यात बसत नाही.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. वस्तऱ्याने केस राठ होतात हा समज फार पक्का आहे, मुलींना आईच सांगते. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये काढलेले केस मोजून, जाडी तपासून हा समज खोटा ठरवला. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापल्यावर ते बोथट होते, म्हणून हाताला खरखरते एवढेच. साखर आणि लिंबाचा पाक करून केस ओढून काढणे ही तर स्वयंपाकघरातली गोष्ट. लिंबाच्या आम्लाने साखरेचे काही रेणू फुटतात आणि पाकाची खडीसाखर होत नाही. त्यात धोका रसायनाचा नसून चटक्याचा आहे. विजेच्या सुईची पद्धत चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ मध्ये आत वळलेल्या पापण्यांसाठी काढली. सुई ऋणाग्राला जोडतात आणि केसाच्या मुळाशी मिठाच्या पाण्याचे विद्युत् अपघटन होऊन इवलासा कॉस्टिक सोडा तयार होतो. दहावीच्या पुस्तकातलाच प्रयोग! लेझर १९९० च्या दशकात आले. ते केसातल्या काळ्या रंगद्रव्याला तापवते, आणि आपल्या सावळ्या कातडीत तेच रंगद्रव्य असते. म्हणून घरी वापरायची प्रकाशयंत्रे घेताना त्वचेच्या रंगाचा तक्ता आधी पाहावा, किंमत नंतर.

माझ्या मुलाला लहानपणी आजी डाळीच्या पिठाने चोळत असे, अंगावरची लव जावी म्हणून. लव गेली. ती पीठ न लावताही काही आठवड्यांत जातेच, पण हे आजीला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. ट्रायकोच्या पेटीसमोर बसलेल्या बाईला आणि आमच्या आजीला एकाच जातीचा पुरावा मिळाला होता : केस गेले, म्हणजे उपाय बरोबर. आजीच्या बाबतीत त्यात काही बिघडले नाही, एवढाच फरक.

शिबिरात त्या चिठ्ठीचे काय करायचे यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आम्ही एक प्रयोग ठरवला, तो कोणत्याही शाळेत करता येईल. खिडक्या उघड्या ठेवा, शिक्षकांनी हातमोजे घालावेत. चार बशांत दुकानातले केस काढायचे क्रीम थोडे थोडे घ्या. एकीत न्हाव्याकडून आणलेले केस, दुसरीत लोकरीचा धागा, तिसरीत सुती धागा, चौथीत रेशमाचा. दर दोन मिनिटांनी काडीने ओढून पाहा आणि फळ्यावर वेळ लिहा. केस आणि लोकर लगदा होतील, सुताला काही होणार नाही, कारण ते प्रथिनच नव्हे. रेशीम मात्र प्रथिन आहे, पण त्यात सिस्टीन जवळजवळ नसते. चौथ्या बशीत काय होईल, हे क्रीम घालण्याआधी प्रत्येक मुलाला वहीत लिहायला सांगा.