ख्रिस्ती टिळकांचे घर

मराठी मुलखाबाहेर बदली होणाऱ्यांना राजनांदगाव हे हावड्याच्या लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून परिचित असते. १८९३ च्या सुमारास तिकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीतील एका सहप्रवाशाने 'नवा करार' वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची चरित्रकथा सांगणारे बहुधा या तिथीवर फार रेंगाळतात. खरी परीक्षा पुढेच होती.

मिशनच्या प्रार्थनामंदिरांत त्या काळी परक्या चालींवर बेतलेली गीते पुष्कळ. टिळक अहमदनगरास आले आणि अभंग, पदे, भजने यांतून मराठी कानाला ओळखीची वाटणारी उपासना रचू लागले. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची वाट आधीच पडली होती. टिळकांनी तिला काव्य दिले. आपण तुकोबांच्या मार्गानेच ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात.

परंतु घराचे काय? लक्ष्मीबाईंना पतीचे धर्मांतर हा वज्राघातच होता. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या टिळकांकडे राहावयास आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, आणि एरवी अत्यंत उतावळ्या असलेल्या या पुरुषाचा हा संयम मला त्यांच्या कवित्वाहून थोर वाटतो. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद आधी गळाला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा क्रम ध्यानात येतो. परक्यांची मुले घरात वाढविणे, प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करणे, ही कामे त्या घरात प्रार्थनेइतकीच सहज होऊन गेली. त्यांतील विनोदही विसरू नये. पैसा हाती टिकू न देणाऱ्या संतवृत्तीच्या नवऱ्याचा संसार करणे ही काही सोपी साधना नव्हे!

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना अनेक धर्मबंधूंना रुचली नाही. तिला आकार येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, एके काळी नवऱ्याच्या घरी निराळी चूल मांडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी.